सिनेमात मामा नव्हता

‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी पडद्यावर आली की मी रिमोट खाली ठेवते आणि नीट मांडी घालून बसते. पळवून नेलेल्या मुलींचे सिनेमे मी एकही सोडत नाही. हिंदी असो, इंग्रजी असो, भाषा कळो न कळो. क्लासमध्ये माझ्याबरोबर शिकवणारी मैत्रीण म्हणते, "तुला बघवतं तरी कसं गं?" बघवतं की. मी रडायला बसत नाही, चुका काढायला बसते. तळघर असतंच. दोरी असतेच. तोंडावर चिकटपट्टी, डोक्यावर लोंबकळणारा बल्ब आणि कोपऱ्यात गळका नळ. कुठल्या घरात एवढे नळ गळतात हो? शेवटी ती खरी बाई येते, जिच्यावर सगळं बेतलंय ती. खुर्चीत बसून दोन वाक्यं बोलते आणि सिनेमा संपतो. मला दर वेळी वाटतं, हिला कुणी विचारलं असेल का, की बाई, असंच झालं होतं का?

मला विचारलं नव्हतं, म्हणून म्हणते. हो, माझ्यावरही एक निघालाय. मोबाइलवर, टीव्हीवर, पैसे भरले की दिसतो. माझं नाव त्यात नाही हे एक बरं झालं, आणि माझी गोष्टही त्यात नाही.

मी मूळची मुरुडजवळच्या एका गावची. भूकंप झाला तेव्हा नववीत होते. तिकडं किल्लारीकडं गावंच्या गावं बसली, तसं आमचं झालं नाही, पण आमच्या घराची मागची भिंत पडली. दगडमातीची, हातभर रुंद भिंत, आणि ती वडिलांच्या पायावर आली. गावच्या माणसांनी त्यांना ओढून काढलं, पण लातूरच्या दवाखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. अशा वेळी जीप घेऊन आला तो मामा. आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, देगलूरकडचा. त्यानं वडिलांना जीपमध्ये घातलं, थेट सोलापूरला नेलं, तिथं महिनाभर उशाशी बसून राहिला. वडील वाचले. पुढं आयुष्यभर लंगडले, पण वाचले. आई तेव्हापासून म्हणायची, "माझं कुंकू माझ्या भावानं राखलं." हे खोटं नव्हतं. तेच तर सगळं अवघड करून बसलं.

आमच्याकडं, त्यातही देगलूरच्या बाजूला, भाची मामाला देतात. चालतं ते. मी जन्मले तेव्हा आईनं धाकट्या भावाला म्हटलं होतं म्हणे, "घे रे, तुझी बायको आली." सगळ्याच बहिणी असं म्हणतात. थट्टा असते. लहानपणी मामा आला की बायका मला चिडवायच्या, मी आत पळायचे, सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, कारण त्यात काही आहे असं कुणाला वाटत होतं?

दहावीला मार्क चांगले पडले आणि वडील म्हणाले, पोरगी लातूरला जाईल. लातूरला तेव्हा क्लासचं नुसतं पेव फुटलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये शे-दीडशे पोरं, फळ्याच्या अगदी पुढं बसायचं तर पहाटेपासून चप्पल ठेवून जागा धरायची. मी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात खोली करून राहिले. मला डॉक्टर व्हायचं होतं. सगळ्यांनाच व्हायचं होतं म्हणा, पण मी वडिलांचा पाय जवळून बघितला होता. हाडं जोडणारा माणूस मला देवासारखा वाटायचा.

बारावीच्या परीक्षेला थोडेच दिवस होते. क्लास सुटला तर दारात जीप. मामा आत बसलेला. म्हणाला, "आक्काला लई बरं न्हाई, चल लवकर." मी दप्तरासकट जीपमध्ये चढले. कुणी ओढलं नाही, ढकललं नाही. मामा होता तो! मामाला कोण विचारतं का, खरं सांगतोस का म्हणून? जीप मुरुडच्या रस्त्याला न लागता उलटीकडं वळली. मी विचारलं तर म्हणाला, "उदगीरच्या दवाखान्यात नेलंय तिला." उदगीर आलं. उदगीर मागं पडलं. मग मी विचारायचं थांबले.

घर त्याच्या दोस्ताचं होतं. देगलूरच्या पुढं, हद्दीपलीकडं, सगळी तेलुगू बोलणारी माणसं. मामानं मला सांगितलं, "तुझ्या मायनं तुला जन्मल्या जन्मल्या मला दिलीया. शिकून काय करणार हायेस?" आणि दाराला बाहेरून कडी घालून गेला. आता ऐका, ते घर वाईट नव्हतं. लख्ख उजेडाचं घर होतं. त्या दोस्ताची आई माझी वेणी घालायची, गरम भात वाढायची, वर तूप ओतायची. मी दार वाजवलं की बाहेरून गोड आवाजात काहीतरी तेलुगूत बोलायची. दार तेवढं उघडायची नाही. मला कुणी एक चापटसुद्धा मारली नाही. लग्नाची हळद कुटायला घेतली होती आणि मी आत ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, तर त्या बाईनं मला मध चाटवला.

लग्नाचा चुडा भरायला त्यांनी मला बाजारात नेलं. घरी बांगडीवाला बोलावला असता तर मी आज इथं नसते. एका हातात बांगडीवाल्यानं कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या चढवल्या, दुसरा हात धरणार तेवढ्यात मला समोर आपली लाल एसटी उभी दिसली. देगलूरची पाटी. मी हात हिसडून उठले आणि पळाले. गाव आजही म्हणतं, ‘ती पळाली होती ना.’ हो बाबांनो, पळाले. आयुष्यात तेवढी एकदाच पळाले, आणि ती घराकडं पळाले. पळवली आणि पळाली यात एका अक्षराचं अंतर आहे, पण ते अक्षर माझ्या बाजूनं कुणी कधी उच्चारलं नाही.

घरी पोचले तेव्हा आई दारातच होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. आधी हाताकडं बघितलं. हिरवा चुडा. म्हणाली, "कुठं लावलंस लगीन?"

मी सगळं सांगितलं. बसमध्ये एवढंच घोकत आले होते की मायला सगळं सांगायचं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यानं तुला बांधून नेलं का?" मी म्हणाले, न्हाई. "मारलं?" न्हाई. "मग गाडीत तूच बसलीस ना?" मी म्हणाले, माय, मामा होता म्हणून बसले. तर ती उठली. म्हणाली, "माझ्या भावाचं नाव घिऊ नको. त्यानं माझं कुंकू राखलंय." आत गेली, तेलाची वाटी आणली आणि माझ्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, एकही न फोडता. बांगड्या फोडणं अपशकुनी. कुणासाठी अपशकुनी, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि विचारायची हिंमत आजतागायत झाली नाही.

माझं ऐकून वडील लंगडत ठाण्यात जाऊन आले. तिथला हवालदार म्हणाला, "मामाच हाय की. घरचं हाय, घरात मिटवा." मिटवलं. परीक्षा बुडालीच होती. मला नांदेडला मावशीकडं धाडलं आणि नातेवाइकांत सांगितलं, ती पहिल्यापासून मावशीकडंच होती. मामा पुढच्या दिवाळीला ओवाळून घ्यायला आला. त्याच्यापुढं आईनं ताट धरलं. त्या दिवसापासून मी देवाच्या नावानं खडे फोडायचंसुद्धा सोडून दिलं, कंटाळा आला.

डॉक्टर काही मी झाले नाही. बीएस्सी केलं, नांदेडच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना वर्षानुवर्षं रिअॅक्शन लिहून देते. लग्न झालं नाही. कुणी केलं नाही म्हणा, किंवा मी करू दिलं नाही म्हणा. आणि मामा? मामाचं उत्तम चाललंय. भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं बांधायची कंत्राटं घेतली, त्यातून लातूरला जागा घेतल्या, क्लासची पोरं वाढत गेली तसे मजले चढवले. आता त्याचं मुलींचं वसतिगृह आहे. दारावर पाटी आहे, ‘घरच्यासारखी सुरक्षितता’. मी स्वतः वाचलीय, खोटं सांगत नाही.

वडील गेल्यावर आई माझ्याकडं नांदेडला आली. एका छताखाली दोघी राहतो. भाजी कुठली करू, गोळी घेतली का, एवढंच बोलतो. तिला मी टाकून बोलत नाही आणि ती मला काही विचारत नाही. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिनं एकदा, तोंडानं, म्हणावं: माझ्या भावानं तुला नेलं. बाकी काही नको. माफीबिफी तर नकोच, एवढं एक वाक्य.

अशात तो दिग्दर्शक आला. पुण्याचा, तिशीतला, सभ्य मुलगा. क्लासच्या दुनियेवर काहीतरी करायचं म्हणून लातूर-नांदेड हिंडत होता, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं त्याला माझ्याकडं धाडलं. म्हणाला, "मॅडम, तुमची गोष्ट लोकांपर्यंत पोचली पाहिजे." लोक गेले खड्ड्यात. मी हो म्हणाले ते आईसाठी. आईला माझं पटत नाही, पण टीव्हीतलं पटतं. टीव्हीत सांगितलं म्हणून तिनं दुधी भोपळ्याचा रस वर्षभर प्यायला. तिथं मामा दिसला, जीप दिसली, कडी दिसली, तर तिला पटेल, असं माझं साधं गणित होतं. म्हणून मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, काहीही बदला, पण मामा हा मामाच पाहिजे. तो म्हणाला, "अर्थात! तोच तर गाभा आहे."

मग मी बोलत गेले आणि तो मोबाइलवर ध्वनिमुद्रण करत गेला. आमच्या बोलण्यातली गंमत बघा. मी सांगितलं, "मी रोज दार वाजवून राहिले, रडून राहिले, कुणी उघडंना." दुसऱ्या दिवशी त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, एक विचारू? दार वाजवलंत, रडलात, हे कळलं. पण मग राहिलात का?" मला आधी उमजेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. अरे बाबा, वाजवून राहिले म्हणजे वाजवत होते! आमच्याकडं जेवून राहिले म्हणजे जेवते आहे, मरून राहिले म्हणजे मरते आहे. तो ‘सॉरी सॉरी’ म्हणाला, हसला. मी नाही हसले. आईनं विचारलं तेच यानं विचारलं होतं, फक्त शुद्ध मराठीत.

"मारहाण?" त्यानं विचारलं. न्हाई म्हणाले. "उपाशी ठेवलं?" तूप-भात वाढला म्हणाले. त्याचा चेहरा जो पडला ना! लग्नाच्या पंगतीत जिलबी संपल्यावर माणसाचा पडतो तसा. मधाचं सांगितलं तर म्हणाला, "हे जरा गोंधळात टाकेल प्रेक्षकांना." मी म्हणाले, मला पण टाकलं होतं.

सात-आठ महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाज मऊ. म्हणजे काहीतरी घाण आहे हे मी ओळखलं. म्हणाला, "मॅडम, वरच्या लोकांचं म्हणणं आहे की मामा नको. मामा म्हणजे आपल्याकडं मायेचं नातं. प्रेक्षक दुखावतात." मी म्हणाले, "आणि मी दुखावले न्हाई का?" तो म्हणाला, "भावना तीच ठेवलीय, फक्त माणूस बाहेरचा केलाय." मी म्हणाले, "माणूसच बदलला तर ठेवलंस काय मुडद्या?" कधी कुणाला असं बोलत नाही मी, विद्यार्थ्यांना तर नाहीच. त्यानं फोन ठेवला. करारावर सही मी आधीच करून बसले होते. स्वतःच्या हातानं, पुन्हा एकदा, आपणहून गाडीत बसले होते.

सिनेमा आला. मी एकटीनं बघितला. भूकंप होता त्यात, मोठा झोकात दाखवलाय. त्यात पोरीचे आईबाप मरतात. अनाथ पोरगी लातूरला क्लासला येते. तिच्यावर एक गुंड नजर ठेवून असतो, काळा, आडदांड, डाव्या गालावर कानापर्यंत गेलेला वण. तो तिला पांढऱ्या गाडीत कोंबतो. तळघर. बल्ब. नळ! नळसुद्धा सोडला नाही त्यांनी. आणि दोरी. हातापायांना करकचून दोरी, रक्त येईपर्यंत. मी टीव्ही बंद केला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. इतका संताप मला त्या हिरव्या बांगड्यांच्या दिवशीही आला नव्हता.

आईला दाखवायचा नाही असं ठरवलं होतं मी. पण आमच्या मजल्यावरच्या एका बाईनं तिला सांगितलं, तुमच्या मुलीवर सिनेमा आलाय म्हणे. रविवारी दुपारी आई लसूण सोलत माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "लाव." मी म्हणाले, नको माय, त्यात काही राम न्हाई. म्हणाली, "लाव म्हणते ना."

लावला. भूकंपात पोरीची आई भिंतीखाली गेली तर म्हणाली, "बरं झालं बिचारी सुटली. पोरीचं पुढचं बघायला लागलं न्हाई." लसूण सोलणं चाललं होतं. मग तो गुंड आला, गाडी आली, आणि तिचे हात थांबले. तळघर आलं तशी ती पुढं सरकत गेली, सरकत सरकत टीव्हीच्या पार जवळ गेली. पोरगी ओरडली की ही पदराचा बोळा तोंडात धरायची. दोरीत पोरीचं मनगट सोललं तेव्हा आई रडायला लागली. मोठ्यानं, गावाकडच्या बायका रडतात तसं. वडील गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती.

सिनेमा संपला. ती खालीच बसून होती. मग माझ्याकडं सरकली आणि तिनं माझा हात धरला. लसणाचा वास येत होता तिच्या बोटांना. सांगायला लाज वाटत नाही, बांगड्या उतरवल्या त्या दिवसानंतर आईनं माझा हात पहिल्यांदा धरला होता. मला वाटलं, दोरी खोटी असू दे, बल्ब खोटा असू दे, हे एवढं तर खरं झालं. ती म्हणाली, "एवढं सोसलंस माझे बाई. आणि मी तुला एका शब्दानं इचारलं न्हाई." मी म्हणाले, असू दे माय.

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "कोण होता गं तो मेला?"

मला आधी वाटलं ती मुद्दाम विचारतेय, माझ्या तोंडून वदवून घेतेय. मी तिच्या डोळ्यांत बघितलं. नाही. ती खरंच विचारत होती.

मी म्हणाले, "मामा होता, माय. तुझा भाऊ होता."

ती रागावली नाही. आधीसारखी उठूनही गेली नाही. उलट माझा हात आणखी घट्ट धरला, दुसऱ्या हातानं थोपटला, आणि आजारी लेकराला समजावतात तशी मला समजावायला लागली. "येड्यावाणी करू नको बाई. लई दिवस झाले, तुझा घोटाळा होऊन राहिलाय. मी आत्ताच बघितला की त्याला. त्याच्या गालावर ह्ये एवढा वण होता."